नेमाची दुर्बीण आणि तिची किंमत

बंदुकीचा इतिहास लिहिणारे पंडित बहुधा दारूचा, नळीचा आणि चापाचा इतिहास लिहितात. नेम धरण्याच्या साधनांची वासलात ते दोन-चार ओळींत लावतात, आणि दुर्बिणीचा उल्लेख आलाच तर तो एखाद्या युद्धातील नेमबाजाच्या पराक्रमाच्या ओघात येतो. वस्तुतः दुर्बीण बंदुकीवर चढली कशी, आणि चढल्यानंतर ती सामान्य माणसाच्या ऐपतीत उतरली कशी, या दोन स्वतंत्र कथा आहेत. पहिलीला सुमारे दोनशे वर्षे लागली आणि दुसरीला त्यानंतर आणखी ऐंशी. या दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की, दूरची वस्तू मोठी करून दाखवणे हे दुर्बिणीच्या कारागिराला कधीच फारसे अवघड वाटले नाही. त्या मोठ्या झालेल्या प्रतिमेच्या मध्यभागी ठेवलेली खूण बंदुकीच्या नळीशी एकदा जुळवल्यावर शेकडो धक्के खाऊनही जागची हलू नये, यातच त्याची सारी विद्या आणि मालाची सारी किंमत खर्ची पडत आली. गिऱ्हाईक मात्र प्रत्येक पिढीत मोठेपणाचेच दाम मोजत राहिले.

या खुणेचा आरंभ एका कोळ्याने करून दिला. इ. स. १६४० च्या सुमारास इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, लीड्स गावानजीक राहणारा विल्यम गॅस्कॉइन हा तरुण खगोलाभ्यासक दोन बहिर्वक्र भिंगांच्या दुर्बिणीचे प्रयोग करीत असता, उघड्या राहिलेल्या नळकांड्यात एका कोळ्याने तंतू ओढला, आणि तो नेमका दोन्ही भिंगांच्या सामाईक केंद्रस्थानी आल्यामुळे आकाशातील बिंबाइतकाच स्पष्ट दिसू लागला. गॅलिलिओच्या धर्तीच्या दुर्बिणीत ही गोष्ट घडणे शक्यच नव्हते, कारण तिच्या पोटात प्रत्यक्ष प्रतिमा कोठे बनतच नाही. केप्लरने सुचवलेल्या रचनेत ती बनते, मात्र उलटी. गॅस्कॉइनने त्या अपघाताचे मर्म ओळखले आणि पाहण्याच्या यंत्राचे रोखण्याचे यंत्र केले. पुढे चारच वर्षांनी, १६४४ साली, मार्स्टन मूरच्या रणांगणावर राजपक्षाकडून लढताना तो कामास आला. आपल्या शोधाचे पुढे काय होणार हे पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. ज्योतिष्यांनी तो शोध उचलला, त्यांच्यामागून जमीन मोजणाऱ्यांनी उचलला, आणि १८०२ साली मद्रासेहून लॅम्ब्टनने आरंभलेल्या हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात जे अवजड थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यांवर चढवले गेले, त्यांच्या दृष्टीची सारी भिस्तही अशाच बारीक तंतूंच्या फुलीवर होती.

मग बंदुकीनेच एवढा विलंब का लावला? याचे उत्तर दुर्बिणीत सापडत नाही, ते बंदुकीत शोधावे लागते. गुळगुळीत नळीच्या ज्या बंदुकीची गोळी शंभर वारांपलीकडे कोणाला लागेल याची हमी खुद्द बार काढणाऱ्याला नव्हती, तिच्यावर दुर्बीण बसवणे म्हणजे चुकलेला नेम मोठा करून पाहणे होते. शिवाय नेत्रभिंगाला डोळा जवळजवळ टेकवल्याखेरीज त्या काळच्या दुर्बिणीतून काही दिसत नसे, आणि बार उडताच बंदूक मागे येते; तेव्हा हौशी माणसाच्या भुवईवर तिची मोहोर उमटणे ठरलेलेच. नळीच्या आत पीळ पाडलेली रायफल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास परिपक्व झाली, तेव्हाच या दोन विद्यांची सोयरीक जुळण्याजोगी झाली.

ती जुळली अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातील युटिका गावचा बंदूकसाज मॉर्गन जेम्स आणि त्याचा गुणग्राहक मित्र जॉन रॅटक्लिफ चॅपमन यांनी मिळून जी दुर्बीण सिद्ध केली, तिचे वर्णन चॅपमनने १८४८ साली न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या आपल्या रायफलविषयक ग्रंथात केले. ही दुर्बीण आजच्यासारखी वीतभर नव्हती; ती नळीच्या डोक्यावर नळीइतकीच लांब पसरलेली असे. साध्या भिंगाच्या कडेला जी रंगांची झालर दिसते ती कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे भिंगाचे केंद्रांतर वाढवणे, आणि केंद्रांतर वाढले की नळकांडे लांबलेच. १८५५ च्या सुमारास सिराक्यूजच्या विल्यम माल्कमने वर्णदोष घालवलेली जोडभिंगे वापरून याच घाटाच्या अधिक स्वच्छ दुर्बिणी बाजारात आणल्या. त्यांत पेच फिरवून नेम वरखाली करण्याची सोय दुर्बिणीच्या पोटात नसून तिच्या बैठकीत असे. सबंध नळकांडेच पेचाने उचलले वा दाबले जाई. ही रीत अवजड खरी, पण प्रामाणिक. भिंगांना आणि तंतूंना कोणी हात लावीत नसल्यामुळे आत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि हायरम बर्डनने उत्तरेच्या बाजूने नेमबाजांचे पथक उभारले, तेव्हा काही गडी आपापल्या घरच्या लक्ष्यवेधी रायफली दुर्बिणींसह घेऊन हजर झाले. त्यांपैकी काहींचे वजन तीस पौंडांपर्यंत, म्हणजे तेरा किलोंहून अधिक होते. अशी बंदूक कूच करणाऱ्या शिपायाच्या खांद्यावर शोभणारी नव्हे, म्हणून बहुतेकांना पुढे बिनदुर्बिणीच्या शार्प्स रायफली देण्यात आल्या. दक्षिणेकडे मात्र इंग्लंडातून चोरवाटेने आलेल्या व्हिटवर्थ रायफलींपैकी काहींवर डेव्हिडसन यांच्या घाटाची दुर्बीण बसवलेली होती. षट्कोनी छिद्राची ही रायफल १८६० च्या जुलैत विंबल्डनच्या मैदानावर यांत्रिक आधारावर बसवण्यात आली होती, आणि राणी व्हिक्टोरियाने दोरी ओढताच तिची गोळी चारशे वारांवरील लक्ष्याच्या मध्याजवळ लागली होती. लेफ्टनंट कर्नल डेव्हिडसन हे मूळचे आपल्या मुंबई इलाख्याच्या फौजेतले अधिकारी. हिंदुस्थानातील नोकरीतच त्यांनी शिकारीच्या बंदुकीवर दुर्बीण लावून पाहिली होती, असे सांगतात. त्यांची दुर्बीण रायफलीच्या डाव्या अंगाला बसे, त्यामुळे मोकळ्या डोळ्याने नेम धरण्याची माशी उघडी राही. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनियाजवळ सेनापती जॉन सेजविक ज्या गोळीने पडला ती व्हिटवर्थचीच होती, ही समजूत सर्वत्र रूढ आहे.

येथे थोडे आडवळण घेणे आवश्यक वाटते. लांब पल्ल्याची नेमबाजी म्हणजे दुर्बिणीची नेमबाजी, हे आजच्या माणसाचे समीकरण इतिहासाला मान्य नाही. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कनजीक क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात ८००, ९०० आणि १००० वारांवरचा जो सामना झाला, त्यात एकाही रायफलीवर दुर्बीण नव्हती; बारीक छिद्राची मागली पट्टी, व्हर्नियरच्या आखणीने मोजून वरखाली होणारी, एवढेच साधन होते. अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ असा तीन गुणांनी सामना जिंकला, आणि तो जिंकून देणारा शेवटचा बार कर्नल जॉन बोडाइन याने, जिंजर बिअरची बाटली फुटून रक्ताळलेल्या हातावर रुमाल गुंडाळून काढला. छिद्रातून नेम धरण्याची ती परंपरा आजही जिवंत आहे. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेत मोठे करून दाखवणारी दुर्बीण निषिद्ध असून, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करून, २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्यपदक घेऊन आला तो अशाच साधनावर. लक्ष्याचे अंतर आधी ठाऊक असेल, लक्ष्य पांढऱ्यावर काळे असेल आणि पेच विश्वासाचा असेल, तर भिंगावाचून पुष्कळ चालते. अडते ते दोन ठिकाणी: लक्ष्य स्वतः होऊन उठून दिसत नाही तेथे, आणि अंतर कोणी सांगत नाही तेथे.

पहिली अडचण शिकाऱ्याची, आणि तीच जर्मन व ऑस्ट्रियन कारागिरांनी सोडवली. मध्य युरोपातील जमीनदारी अरण्यांत हरीण आणि रानडुक्कर पहाटे-संध्याकाळी बाहेर पडते. त्या अंधुक उजेडात मोकळ्या डोळ्याला माशीच दिसत नाही, मग जनावर कोठले दिसणार. १८८४ साली ऑटो शॉट, अर्न्स्ट आबे आणि त्साइस यांच्या सहकार्याने येना येथे नव्या जातीची प्रकाशीय काच गाळणारा कारखाना सुरू झाला, आणि आखूड, उजळ, डोळ्यापासून तीन बोटे दूर धरूनही दिसणारी दुर्बीण संभवनीय झाली. १९०० साली व्हिएन्नाच्या काहलेसने ‘टेलोरार’ काढली. पाठोपाठ त्साइस, गोएर्त्स, हेन्सोल्ट इत्यादी नामांकित घराणी या धंद्यात उतरली. परंतु ही वस्तू मातबरांची होती. बंदूकसाज प्रत्येक बैठक प्रत्येक रायफलीसाठी हाताने कानशीने घासून बसवी, आणि त्या मजुरीसह सगळा हिशोब केला तर एका वनरक्षकाचा पगार किती महिने खर्ची पडला असता याची कल्पना करवत नाही.

१९१४ च्या महायुद्धाने या संपत्तीचे मोल उघडे केले. जर्मनीत राटिबोरच्या सरदाराने शिकाऱ्यांकडून दुर्बिणी चढवलेल्या रायफली गोळा करून आघाडीवर धाडल्या. इंग्रजांच्या खंदकांत त्यामुळे हाहाकार उडाला, आणि त्यांच्या ध्यानात आले की, आपण प्रकाशीय काच आजवर बव्हंशी शत्रूकडूनच विकत घेत होतो. बर्मिंगहॅमचे चान्स बंधू हेच काय ते त्यांचे मोठे घरचे काच कारखानदार. तोवर निभावून नेण्यासाठी लॅटीसारख्यांच्या गॅलिलिओ पद्धतीच्या जोड्या वापरात आल्या: एक मोठे भिंग माशीपाशी, एक चिमुकले डोळ्याजवळ, मध्ये नळकांडेच नाही. किफायतशीर दुर्बिणीचा हा आद्य सरकारी प्रयोग. दृश्याचे क्षेत्र सुईच्या नेढ्याएवढे, आणि थेंबभर पावसाने सारा कारभार बंद. अमेरिकनांनी क्लीव्हलंडच्या वॉर्नर अँड स्वेझी या वेधशाळांच्या प्रचंड दुर्बिणी उभारणाऱ्या कारखान्याकडून लोलकाची दुर्बीण घेतली. तिचा डोळ्याशी येणारा रबरी पेला बार झाल्यावर भुवईला असा चिकटे की शिपाई त्याला भोके पाडून घेत. मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनी १९१६ साली नेमबाजीची जी शाळा काढली, तिच्या अनुभवांवरून लिहिलेल्या ग्रंथात एक गोष्ट ते पुनःपुन्हा मांडतात: दुर्बिणी पुरेशा उत्तम असतात, परंतु त्या बसवणाऱ्या आणि बाळगणाऱ्या हातांना त्यांची जाण नसते, त्यामुळे सैल झालेली बैठक घेऊन माणसे दिवसेंदिवस हवेत गोळ्या झाडत बसतात. हे निदान शंभर वर्षे उलटूनही जसेच्या तसे लागू पडते, असे माझे मत आहे.

आता दुसरी कथा, ऐपतीची. तिचा नायक केंटकीत १९०५ साली जन्मलेला विल्यम राल्फ वीव्हर. १९३० साली, अमेरिकेतील पेढ्या धडाधड बुडत असता, या पंचविशीच्या माणसाने न्यूपोर्ट गावी ‘३-३०’ नावाची दुर्बीण विकायला काढली, ती बैठकीसह एकोणीस डॉलरांना. याहून अवेळी धाडस कल्पिता येत नाही. पण मंदीच्या दिवसांतच स्वस्त वस्तूला गिऱ्हाईक असते हे त्याने ओळखले असावे. स्वस्ताई त्याने काचेत साधली नाही, रचनेत साधली. पाऊण इंच व्यासाचे अरुंद पोलादी नळकांडे, बेताची भिंगे, बेताचे वर्धन, आणि मुख्य म्हणजे नेम जुळवण्याचे पेच बैठकीतून काढून दुर्बिणीच्या पोटात. बैठकीला आता हलायचेच नव्हते, म्हणून ती पत्र्याची, साधी, चार पेचांत बसणारी झाली, आणि हाताने कानस मारणारा बंदूकसाज हिशोबातून वजा झाला. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागे. पोटातली फुली सरकवली की ती दृश्याच्या मध्यातून ढळून एका कोपऱ्यात जाऊन बसे, आणि डोळा सारखा तिला ओढून मध्यावर आणू पाही. तरीही सामान्य शेतकरी, गुराखी, कारखान्यातला मजूर यांच्या बंदुकीवर पहिली दुर्बीण चढली ती वीव्हरचीच. १९३३ साली त्याने बिऱ्हाड टेक्सासात एल पासो येथे हलवले, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी दुर्बिणी तातडीने हव्या झाल्या, तेव्हा सरकारनेही हाच बाजारी माल उचलला व त्याला आपल्या दप्तरी नाव दिले. पॅसिफिकच्या दमट हवेत तिच्यात बाष्प शिरे ही तक्रार खरी आहे. पण एवढ्या दामात बेटांवरच्या पावसाची हमी कोणीच दिली नव्हती.

त्याच युद्धात रशियाने हाच धडा आपल्या रीतीने गिरवला. त्यांची साडेतीन पट वर्धनाची ‘पी. यू.’ दुर्बीण जेमतेम सतरा सेंटिमीटर लांब. तिच्यात डोळ्याप्रमाणे दृश्य जुळवण्याची सोयदेखील ठेवली नव्हती, आणि म्हणूनच ती अफाट संख्येने बनली. इंग्रजांनी उलट वाट धरली: हॉलंड अँड हॉलंड या श्रीमंत बंदूकसाजांकडून निवडक रायफलींवर ३२ क्रमांकाची दुर्बीण बसवून घेतली आणि तिचा अनुक्रमांक रायफलीच्या दस्त्यावर ठोकला, जेणेकरून ती जोडी कधी फुटू नये. दोन्ही दुर्बिणींचे वर्धन तीन-साडेतीन पटींपलीकडे नव्हते, ही गोष्ट आज पंचवीस पटींचा हट्ट धरणाऱ्यांनी ध्यानी घ्यावी.

युद्धोत्तर काळात स्वस्त आणि महाग यांमधले अंतर तीन ठिकाणी तुटले. पहिले काचेच्या पृष्ठावर. उघड्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठावरून शेकडा चार-पाच भाग प्रकाश परावर्तून जातो. दहा पृष्ठे झाली की तिसरा हिस्सा गमावला. १९३५ साली त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने त्यावर अतिसूक्ष्म लेपाचा उपाय काढला, आणि तो युद्धानंतर सर्वत्र पसरला. दुसरे बाष्पाचे. पोर्टलंडचे ल्यूपोल्ड घराणे १९०७ पासून मोजणीदारांची उपकरणे दुरुस्त करणारे. त्यांच्यापैकी मार्कस ल्यूपोल्डच्या दुर्बिणीत ऐन हरणाच्या वेळी धुके भरले आणि त्याने चिडून स्वतःच दुर्बीण बनवण्याचा पण केला, अशी त्या घरची आख्यायिका आहे. १९४७ च्या सुमारास त्यांची ‘प्लेन्समन’ निघाली, आणि नळकांड्यातील हवा काढून कोरडा नायट्रोजन भरण्याची रीत रूढ झाली. तिसरे मजुरीचे. पराभूत जपानात कॅमेऱ्यांबरोबर दुर्बिणींचा धंदा उभा राहिला. बुशनेल, टास्को अशा अमेरिकन व्यापाऱ्यांनी तो माल आपल्या शिक्क्याने स्वदेशी विकला. आरंभी त्याची कुचेष्टा झाली, पुढे तोच माल चोख ठरला, आणि मग कुचेष्टेचा मान कोरियाकडे, फिलिपीन्सकडे आणि चीनकडे क्रमाने गेला.

लांब पल्ल्याची दुसरी अडचण, अज्ञात अंतराची, शेवटी सुटली. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकन मरीन दलासाठी फुलीच्या रेषांवर मिलच्या अंतराने ठिपके बसवण्यात आले. एक मिल म्हणजे हजार मीटरांवर एक मीटर, म्हणून माहीत असलेल्या उंचीची वस्तू किती ठिपके व्यापते यावरून अंतर काढता येते. परंतु वर्धन बदलणाऱ्या दुर्बिणीत अमेरिकन पद्धतीप्रमाणे ही फुली मागल्या केंद्रस्थानी असली, तर हा हिशोब एकाच वर्धनाला खरा असतो; पुढल्या केंद्रस्थानी ठेवावी तर रचना महाग होते. या कोंडीतून किफायतीची वाट काढली ती स्थिर दहापट वर्धनाच्या, ‘सुपर स्नायपर’ या नावाने विकल्या गेलेल्या जपानी दुर्बिणीने. वर्धन बदलतच नाही, म्हणून फुली कोठेही असली तरी ठिपके खरेच. हलणारे भाग कमी, म्हणून वाचलेला पैसा पेचांवर खर्च करता आला. हजार वारांवर साधारण ३०८ जातीच्या रायफलीची गोळी सुमारे दहा मीटर खाली येते, तेव्हा पेचाला तेवढा पल्ला असणे आणि तो फिरवून परत शून्यावर आणता येणे, यावरच सारे अवलंबून. तीनशे डॉलरांच्या आसपास मिळणाऱ्या या वस्तूने पुष्कळ अव्वल नावांना खाली पाहायला लावले.

पेच खरा की खोटा हे ताडण्याची नेमबाजांत एक जुनी चाल आहे, आणि दुकानदार ती आपण होऊन कधी सांगत नाही. शंभर मीटरांवर कागद लावून एक बार काढावा; मग नेम त्याच ठिपक्यावर ठेवून पेच दोन मिल उजवीकडे फिरवून दुसरा, तेथून दोन मिल वर नेऊन तिसरा, दोन मिल डावीकडे चौथा, आणि दोन मिल खाली आणून पाचवा. बाजू वीस-वीस सेंटिमीटरांच्या भरल्या आणि पाचवे भोक पहिल्याच्या शेजारी पडले, तर दुर्बीण ठेवावी. चौकोन तिरका आला तर आधी कड्या आणि बैठक तपासावी. आणि तो उघडाच राहिला, तर पावती हरवण्यापूर्वी दुकान गाठावे.